बेटांची दारे उघडताना : आधी पर्यटक की आधी लस?

कोविड-१९ च्या साथीमुळे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १७ मार्च २०२० रोजी आपल्या अखत्यारीतील सर्व स्मारके पर्यटकांसाठी बंद केली. त्यांत झाशीचा किल्ला होता, तशीच मुंबईजवळच्या घारापुरी बेटावरील लेणीही होती. ६ जुलै २०२० पासून स्मारके उघडण्यास केंद्र सरकारने अनुमती दिली. तथापि स्थानिक परिस्थिती पाहून निर्णय घेण्याची मुभा राज्यांना व जिल्हा प्रशासनांना होती. महाराष्ट्रात हा निर्णय लांबणीवर पडला. अजिंठा व वेरूळ लेण्यांची दारे १० डिसेंबर २०२० रोजी उघडली.

आदेश एकच असला तरी त्याचे परिणाम सर्वत्र सारखे नव्हते. झाशीचा किल्ला भर शहरात आहे. तो बंद राहिला तरी शहराचे अन्य व्यवहार चालू राहू शकतात. घारापुरीची स्थिती वेगळी आहे. रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातील या बेटावर शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर ही तीन छोटी गावे वसली आहेत. १९८७ साली जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या लेण्यांमुळे येणारे पर्यटक हाच तेथील उत्पन्नाचा प्रमुख आधार. लेण्यांकडे जाणाऱ्या पायऱ्यांवरील दुकाने, खानावळी आणि गेटवे ऑफ इंडियाहून सुटणाऱ्या लाँच या सर्वांचे अर्थकारण त्यावरच उभे आहे. मात्र हे पर्यटक ज्या मुंबईतून येतात, तेच शहर देशातील साथीच्या प्रमुख केंद्रांपैकी एक होते. समुद्राखालून टाकलेल्या केबलद्वारे वीज पोहोचण्यास २०१८ साल उजाडलेल्या या बेटावरून गंभीर रुग्णाला उपचारांसाठी नावेनेच न्यावे लागते.

बेटाला प्रवेशाचे मार्ग मोजकेच असतात आणि त्यांवर पहारा ठेवता येतो, हे साथीच्या काळातील त्याचे बळ. लक्षद्वीपने ते सिद्ध केले. कोचीत विलगीकरण आणि चाचणी झाल्याशिवाय कोणालाही बेटांवर प्रवेश नव्हता. परिणामी २०२० च्या संपूर्ण वर्षात तेथे एकही रुग्ण आढळला नाही. डिसेंबर २०२० च्या अखेरीस विलगीकरणाची अट शिथिल करून चाचणीचा अहवाल पुरेसा मानण्यात आला. १८ जानेवारी २०२१ रोजी पहिल्या रुग्णाची नोंद झाली. हा रुग्ण पर्यटक नव्हता, तर कामानिमित्त कोचीहून आलेला कर्मचारी होता. २०११ च्या जनगणनेनुसार जेमतेम ६४ हजार लोकवस्तीच्या या द्वीपसमूहात पुढे ११ हजारांहून अधिक जण बाधित झाले. दार उघडल्यावर विषाणू कोणाच्या सोबतीने येईल, हे ठरवता येत नाही.

मालदीवने वेगळा मार्ग स्वीकारला. पर्यटनावर अवलंबून असलेल्या या देशाने १५ जुलै २०२० रोजीच सीमा खुल्या केल्या. एका बेटावर एकच रिसॉर्ट, ही तेथील जुनी व्यवस्था या वेळी उपयोगी पडली. लोकवस्तीच्या बेटांवरील अतिथिगृहांना मात्र ऑक्टोबरपर्यंत थांबावे लागले. अर्थात त्यामुळे धोका टळला नाही. मे २०२१ मध्ये रुग्णसंख्या झपाट्याने वाढली आणि भारतासह दक्षिण आशियातील पर्यटकांना प्रवेशबंदी करावी लागली.

थायलंडच्या फुकेत बेटाने १ जुलै २०२१ पासून लस घेतलेल्या परदेशी पर्यटकांना विलगीकरणाशिवाय प्रवेश दिला. देशात अन्यत्र जाण्यापूर्वी १४ रात्री बेटावरच राहण्याची अट होती. त्याआधी स्थानिक लोकसंख्येच्या ७० टक्के लसीकरणाचे उद्दिष्ट ठेवण्यात आले होते. म्हणजे ज्यांच्या दारात पर्यटक येणार, त्यांना संरक्षण देण्याचा विचार आधी झाला.

घारापुरीत यांपैकी कोणताही नमुना जसाच्या तसा लागू करता येण्याजोगा नव्हता. सकाळी येऊन सायंकाळी परतणाऱ्या पर्यटकाला विलगीकरणाची किंवा दीर्घ मुक्कामाची अट घालणे निरर्थक ठरते. गावे आणि लेणी एकाच छोट्या बेटावर असल्याने पाहुणे व रहिवासी यांना वेगळे ठेवणेही कठीण. उरतात दोनच उपाय : लाँचमधील प्रवासीसंख्येवर मर्यादा आणि दुकानदार, खलाशी व ग्रामस्थांचे अग्रक्रमाने लसीकरण. यांतील दुसरा उपाय अधिक परिणामकारक. परंतु १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झालेल्या देशव्यापी मोहिमेत अग्रक्रम आधी आरोग्य व अन्य आघाडीच्या सेवांना आणि नंतर वयानुसार होता. पर्यटनावर जगणाऱ्या बेटांचा स्वतंत्र विचार त्या क्रमवारीत नव्हता. १८ वर्षांवरील सर्वांसाठी लसीकरण १ मे २०२१ रोजी खुले झाले. दुसऱ्या लाटेमुळे १६ एप्रिलपासून पुन्हा बंद केलेली स्मारके १६ जूनपासून खुली करण्यास सर्वेक्षणाने अनुमती दिली, तेव्हा त्या टप्प्याला जेमतेम दीड महिना झाला होता.

बंदीमुळे उपजीविका बुडते आणि घाईने प्राण धोक्यात येतात, हा पेच कोणत्याही आदेशाने पूर्णतः सुटत नाही. तथापि तो सौम्य करता येतो. पुढील साथीच्या नियोजनात बेटांवरील लोकसंख्या छोटी म्हणून दुर्लक्षित न राहता, छोटी असल्यामुळेच सर्वांत आधी संरक्षित करता येण्याजोगी मानली जावी. घारापुरीच्या ग्रामस्थांना लस देण्यास काही दिवस पुरेसे ठरले असते. त्यांची दुकाने मात्र अनेक महिने बंद राहिली.