आधी मोजा, मग वाटा

तीन डिसेंबर, म्हणजे जागतिक अपंग दिन जवळ आला की मला फोन सुरू होतात. "अक्का, यंदा दहा व्हीलचेअर वाटायच्यात. तुम्ही स्टेजवर पाहिजेच." मी विचारते, ज्यांना देणार त्यांची मापं घेतलीत का? उत्तर ठरलेलं असतं, "खुर्चीला कसलं माप वो?"

कर्नाटकात, महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या निपाणीत मी शिवणकाम करते. मशीनला मोटर लावलीय, तिचं बटण कोपरानं दाबते. ब्लाउज मापाशिवाय शिवत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण माणूस दिवसाचे बारा तास ज्यात बसणार, त्या खुर्चीलाही माप लागतं, हे मात्र मी गेली चौदा वर्षं गावोगाव सांगत फिरतेय. सीट रुंद असली तर माणूस एका बाजूला कलतो आणि हळूहळू पाठीचा कणाच वाकडा होतो. सीट लांब असली तर तो पुढं घसरत राहतो. पाय ठेवायची पट्टी उंच असली तर गुडघे वर येतात आणि अंगाचा सगळा भार बुडाच्या दोन हाडांवर पडतो. कमरेखाली संवेदना नसलेल्या माणसाला हे कळत नाही. कळतं तेव्हा जखम हाडापर्यंत गेलेली असते.

तीन वर्षांपूर्वी निपाणीजवळच्या एका खेड्यात मला बोलावलं होतं. तंबाखूच्या वखारीत हमाली करणारा पोरगा, पोत्यांची थप्पी अंगावर आली आणि कणा मोडला. समारंभात मिळालेली खुर्ची होती, रेक्झिनची, दोन माणसं मावतील एवढी. घरात शिरताच वास आला. त्याच्या आईनं लुंगी बाजूला केली, माकडहाडावर बशीएवढी जखम. "उष्णतेचं गळू हाय, बसंल," ती म्हणत होती. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याच दिवशी त्याला दवाखान्यात हलवलं, आणि तो परत आल्यावर मी दर रविवारी जात राहिले. दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही हातांवर जोर देऊन बूड उचलायचं. रात्री दोन-दोन तासांनी कूस बदलायची. झोपताना आरसा धरून मागची कातडी बघायची, कुठं लाल दिसली तर त्या जागेवर भार टाकायचा नाही. जखम भरायला सात महिने लागले. आता तो मोबाइल दुरुस्त करतो. सगळ्यांचं असं होत नाही. कणा मोडून वाचलेली माणसं अशा जखमांनी दगावतात, आणि लोक म्हणतात, सुटला बिचारा. ते ऐकलं की माझं अंग थरथरतं.

मी एकोणिसाव्या वर्षी माळ्यावरून पडले, शिडी सरकली. दोन वर्षं अंथरुणावर होते. आई शेजारी बसून विड्या वळायची. वाचनालयातून कुणीतरी नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची' आणून दिलं. कोल्हापूरची मुलगी, ऐन उमेदीत पाय गेलेले, नोकरी केली, 1984मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली आणि पुढं सिंधुदुर्गात काजूच्या कारखान्यात अपंगांना काम दिलं. आमच्यापासून चाळीस किलोमीटरवरच्या कोल्हापुरात हे काम चालू होतं आणि आम्हाला पत्ता नव्हता. भावानं मला त्यांच्या 'घरौंदा' वसतिगृहात नेलं. तिथं दोन वर्षांत पहिल्यांदा मी कुणालाही हाक न मारता एकटी न्हाणीघरात गेले. दार रुंद होतं आणि उंबरा नव्हता, बास. आत बसून मी रडले.

म्हणून माझ्या पर्समध्ये शिवणकामाचा टेप कायम असतो. शाळेत बोलायला गेले की आधी रॅम्प मोजते. नियम साधा आहे, एक फूट चढायला बारा फूट उतार. दीड फुटाचा चौथरा असेल तर अठरा फूट. एका शाळेत दीड फुटाला पाच फुटांचा रॅम्प होता. मुलांना म्हटलं, मला ढकलून वर न्या. तिघं लागले, तरी खुर्ची मागं कलली. मग त्याच मुलांनी टेप धरून हिशेब केला आणि मुख्याध्यापकांना कागद दिला. माझ्या तासाभराच्या भाषणानं एवढं झालं नसतं.

कायदा आमच्या बाजूनं आहे. 2016च्या अपंग हक्क कायद्यानं सार्वजनिक इमारतींना पाच वर्षांची मुदत दिली होती. जून 2017मध्ये नियम आले, म्हणजे 2022लाच ती संपली. 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सुगम्यतेचे नियम नुसत्या मार्गदर्शक सूचना म्हणून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी अपंगांसाठी खर्च करायचा असतो, सीमेच्या अलीकडंही आणि पलीकडंही. माझं म्हणणं या पाच टक्क्यांबद्दल आहे. वर्षअखेरीस घाईनं खुर्च्या आणून फोटो काढण्यात तो संपवू नका. त्या पैशातून गावातल्या प्रत्येक अपंग माणसाच्या घरी एकदा जा, माप घ्या, उंबरा बघा, संडासाचं दार मोजा. कुणाला आधी चांगली गादी लागेल, कुणाला खुर्चीपेक्षा दाराशी उतारच हवा असेल. हे त्यालाच विचारा.

आमच्याकडं आणखी एक गाठ आहे. पेन्शनचे अर्ज कानडीत, बोलणं मराठीत. सीमेचा वाद ज्यांनी सोडवायचा त्यांनी सोडवावा; पण सही कशावर करतोय हे ज्या म्हातारीला कळत नाही, तिची पेन्शन तोवर थांबता कामा नये. माझी एक कानडी मैत्रीण शनिवारी दुकानात येऊन बसते, ती वाचते, मी समजावते. तिला दिसतं कमी, तरी वाचता येतं; मला चालता येत नाही. गेल्या शनिवारी अकरा अर्ज भरले.

यंदा तीन डिसेंबरला मी स्टेजवर येणार नाही, असं आयोजकांना कळवलंय. दहा खुर्च्या कुणाला द्यायच्या ती नावं मात्र मागून घेतलीत. पहिलं घर कोगनोळीकडच्या वस्तीवर आहे, बाई साठीच्या आहेत. मुलाला फोन केला तर म्हणाला, "अक्का, आमच्या दारात चार पायऱ्या हाईत." मी म्हटलं, असू देत, तू खाली ये, टेप मी आणते.