दुर्बिणीआधी निदान

तरुण वयात रक्तदाब गोळ्यांना दाद देत नाही, मधूनच छाती धडधडते, दरदरून घाम सुटतो. यामागे कधी कधी मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीतली गाठ असते. १९९२ मध्ये माँट्रियलच्या मिशेल गान्ये यांनी ही ग्रंथी दुर्बिणीद्वारे काढण्याची पद्धत जगापुढे मांडली. आज तीन-चार छिद्रांतून ती निघते. खान्देशातल्या रावेरच्या केळीबागेत राबणाऱ्या मजुरासाठी पोटावरची मोठी चीर टळणे म्हणजे लवकर कामावर परतणे. मोठ्या किंवा कर्करोगाच्या गाठीला मात्र बहुधा उघडी शस्त्रक्रियाच लागते.

खरी मेख निदानात आहे. फिओक्रोमोसायटोमा, म्हणजे रक्तदाब वाढवणारी संप्रेरके सोडणारी या ग्रंथीतली गाठ, ओळखल्याविना भूल दिली, तर रक्तदाब उसळून जिवावर बेतते. म्हणून शस्त्रक्रियेआधी काही दिवस रक्तदाब आटोक्यात ठेवणारे अल्फा-ब्लॉकर द्यावे लागतात. निदान आणि या तयारीसाठी मेटानेफ्रिनची (त्या संप्रेरकांपासून बनणाऱ्या घटकाची) तपासणी, सीटी स्कॅन आणि जाणता भूलतज्ज्ञ हवा. ही साखळी खान्देशातच पक्की झाली पाहिजे. धुळे आणि जळगाव या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, मध्ये अंतर सुमारे ९० किलोमीटर. दोघांनी मिळून एक शल्यचमू उभा करावा. तपासणीचा खर्च सरकारने उचलावा आणि तालुक्याच्या डॉक्टरांना संशयित रुग्ण पाठवण्याची पद्धत शिकवावी.