मोरीच्या दाराची रुंदी

या वेळचा विषय कपडे धुणं. हसू नका. गेल्या दिवाळीत माझी इंजिनिअरिंगची सगळी पदवी एका मोरीच्या दारात अडकली होती, म्हणून लिहितोय.

आमचं घर राजगढला. महाराजांचा राजगड नव्हे. आपलं धार जिल्ह्यातलं, मोहनखेड्याशेजारचं. जुनं घर, जाड भिंती, आणि मोरी अशी की दोन माणसं आत गेली तर एकाला बाहेर यावं लागतं. आई साठीच्या पुढची, गुडघे दुखतात, तरी पाटावर बसून ब्रशने कपडे घासायची. मी पुण्यात बसून तिच्यासाठी मशीन निवडलं: फ्रंट लोड, ८ किलो, रुंदी आणि खोली दोन्ही ६० सेंटिमीटरच्या आसपास. मोरीत तेवढी जागा आहे ना, हे बाबांना फोनवर टेप धरायला लावून बघून घेतलं. दाराचं माप मात्र विचारलंच नाही. ते निघालं २२ इंच, म्हणजे ५६ सेंटिमीटर. मशीन दोन दिवस ओसरीवर बसून होतं आणि शेजारपाजारचे दर्शन घेऊन जात होते.

आई शेवटी म्हणाली, "अरे, मशीनला गुडघे नाहीत, मला आहेत. रोज वाकून त्याच्या तोंडात कपडे कोण घालणार?" हे तिला आधी विचारायचं मला सुचलंच नव्हतं. माझ्या एक्सेल शीटमध्ये चौदा रकाने होते, आईचा एकही नव्हता.

मशीन परत गेलं. आत गेलं असतं तरी अडलंच असतं, ते पाण्यापाशी. बऱ्याच फ्रंट लोड मशीनना नळाला किमान ०.३ बार दाब लागतो. १० मीटर उंचीवरच्या पाण्याचा दाब साधारण १ बार, म्हणजे नळापासून टाकीतलं पाणी निदान ३ मीटर वर हवं. आमची टाकी मोरीच्याच छतावर, जेमतेम दीड मीटर. मशीन पाण्याची वाट बघत बसतं आणि मग पडद्यावर एरर दाखवतं. प्रेशर पंप लावता येतो, पण तो खर्च आणि आवाज आधी मोजलेला बरा. दुसरी गोष्ट बोअरचं जड पाणी. आमच्या बादलीच्या कडेला जो पांढरा थर चढतो, तोच मशीनच्या हीटरवर चढतो. तुमच्याकडेही असा थर दिसत असेल, तर हीटरवाल्या मशीनला अधूनमधून थर काढायची पावडर घालावी लागेल.

मग घेतलं सेमी ऑटोमॅटिक. माझ्या इंजिनिअर मित्रांनी नाकं मुरडली. ते रुंदीला ८० सेंटिमीटर, पण खोलीला ५० च्या आत, त्यामुळे आडवं करून दारातून सरळ गेलं. पाणी बादलीने ओतलं तरी चालतं. आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतो, तेव्हा हे महत्त्वाचं. पांढऱ्या कपड्यांचं साबणपाणी आई रंगीत कपड्यांना वापरते आणि उरलेल्यात अंगण धुते. तिचं माहेर देवासचं. १९९० मध्ये तिथे इंदूरहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्या गावच्या मुलीला पाणी वाचवायला आपण काय शिकवणार? तोटा एकच, पण खरा: ओले कपडे एका टबातून दुसऱ्यात उचलून टाकावे लागतात, आणि ओली चादर जड असते.

तुम्ही पुण्या-इंदूरच्या फ्लॅटमध्ये राहत असाल तर गणित बदलतं. नळाला दाब असेल तर फ्रंट लोडच घ्या. त्याला एका धुण्याला साधारण ५०-६० लिटर पाणी पुरतं, टॉप लोडला बहुतेक वेळा त्याच्या दुप्पट. ड्राय बाल्कनीत मात्र मशीनपुढे दार उघडून माणूस उभा राहील एवढी जागा सोडा. टॉप लोडच्या वर फळी असेल तर झाकण पूर्ण उघडतंय का ते बघा. जागा फारच कमी असेल तर साधारण ४५ सेंटिमीटर खोलीची बारीक फ्रंट लोड मशीनं मिळतात. ६ किलो क्षमता नवराबायकोला भरपूर होते. तो आकडा कोरड्या कपड्यांचा असतो, हेही लक्षात ठेवा.

ड्रायरचा मोह पावसाळ्यात होतो. धुणं-वाळवणं एकत्र करणारी मशीनं ८ किलो धुतात, पण वाळवतात ५ किलोच्या आसपास. म्हणजे अर्धे कपडे बाहेर काढायचे आणि पुन्हा घालायचे. त्यापेक्षा पिळण्याचा वेग बघा. त्याच ड्रमला ७०० ऐवजी १४०० फेरे दिले तर कपड्यांवरचा जोर चौपट होतो. मग छताला लावायचं दोरी-पुलीचं स्टँड आणि एक पंखा पुरतो.

राजगढला आता पिळायचं काम बाबांकडे आहे. चाळीस वर्षांत त्यांनी स्वतःचा रुमालही धुतला नव्हता. "झाकण उघडायची घाई करतात," आईने परवा फोनवर सांगितलं, "बाकी बरं चाललंय."