पाणी नितळ झाले. तयार झाले का?

खाऱ्या पाण्याचा फिश टँक हा उतारवयातील सुंदर विरंगुळा आहे. मात्र घाईने सोडलेले मासे आठवडाभरात दगावले, तर एकट्या ज्येष्ठांच्या मनाला ते फार लागते.

पाणी नितळ दिसणे ही तयारीची खूण नव्हे. माशांच्या उत्सर्जनातून आणि उरलेल्या खाद्यातून विषारी अमोनिया तयार होतो. उपकारक जिवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये, मग तुलनेने सौम्य नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. त्यांची वाढ होण्यास बहुधा ४ ते ६ आठवडे, क्वचित अधिकही लागतात. तोवर टाकीत मासे न सोडता मोजका अमोनिया घालावा व चाचणी-संचाने पाणी तपासावे. घातलेला अमोनिया २४ तासांत संपून अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य आले आणि नायट्रेट दिसू लागले, की टाकी तयार समजावी. थोडे पाणी बदलून नायट्रेट कमी करावे आणि आरंभी एकदोनच मासे सोडावेत.

एक वैद्यकीय सूचना: हाताला जखम असल्यास, विशेषतः मधुमेहींनी, हातमोज्यांविना टाकीत हात घालू नये. या पाण्यातील काही जिवाणूंमुळे त्वचेवर चिवट गाठी येऊ शकतात. अशी गाठ आल्यास डॉक्टरांना फिश टँकविषयी आवर्जून सांगावे.