उंदीर मारण्याआधी त्याची वाट बंद करा

‘डॉक्टरसाहेब, उंदरांसाठी जालीम औषध कोणते?’ हा प्रश्न दिवाळीच्या सुमारास दवाखान्यात हमखास येतो. बाजरी, सोयाबीन निघाले, रान मोकळे झाले आणि पोती घरात आली, की पोत्यांच्या मागोमाग उंदीरही येतात. मी औषधाचे नाव सांगत नाही. उलट विचारतो, ‘घराला भोके किती आहेत?’ लोकांना वाटते, डॉक्टर थट्टा करताहेत.

आपल्या बीड भागातली जुनी घरे पाहा. दोन-दोन हात जाडीच्या भिंती, दोन्ही बाजूंना दगड, मध्ये माती आणि चिपा. वर लाकडी सऱ्यांवर मातीचे माळवद. १९९३ च्या किल्लारी भूकंपात अशाच भिंतींखाली माणसे गाडली गेली. या भिंतींच्या पोटातली माती उंदरांना पोखरायला फार सोपी. एकदा आत शिरले, की जमिनीपासून माळवदापर्यंत त्यांचा जिनाच तयार होतो. स्लॅबच्या घरात राहणाऱ्यांनी हसू नये. मोरीचा पाइप भिंतीतून बाहेर काढताना गवंडी चार इंचाच्या पाइपसाठी सहा इंचाचे भोक पाडतो आणि उरलेली फट तशीच सोडतो. शिवाय हल्ली दिवाणखान्यात पीओपीचे छत करायची हौस आली आहे. त्या छतावरची पोकळी म्हणजे उंदरांचा पोटमाळाच. तिथे कोणी झाडायला जात नाही, मांजरही पोहोचत नाही, आणि विजेच्या तारा मात्र त्यातूनच गेलेल्या असतात. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, म्हणून त्याला काहीतरी कुरतडावेच लागते. तारेवरचे आवरण गेले, की ठिणगी पडायला किती वेळ?

आता आजारांविषयी. १९९४ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या मामला गावात आधी उंदीर मरून पडू लागले, मग पिसवांचा उपद्रव झाला आणि त्यानंतर काखेत-जांघेत गाठी आलेले तापाचे रुग्ण दिसू लागले. मी तेव्हा एमबीबीएसचा विद्यार्थी होतो. पुस्तकात इतिहासजमा वाटणारा प्लेग रोजच्या वर्तमानपत्रात येऊन बसला होता. भूकंपाच्या धास्तीने लोक घराबाहेर राहू लागले आणि बंद घरांत ठेवलेल्या धान्यावर उंदीर माजले, असे त्यामागचे एक कारण अभ्यासकांनी मांडले. आज प्लेगची भीती घालण्याचा माझा हेतू नाही. पण त्यातले एक तत्त्व लक्षात ठेवण्यासारखे आहे. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा दुसरे गरम शरीर शोधतात. म्हणून प्लेगच्या साथीत आधी पिसवांचा बंदोबस्त करतात, उंदरांचा नंतर. भिंतीच्या पोकळीत विष खाऊन मेलेला उंदीर काढता येत नाही. वास आठवडा-दोन आठवडे छळतो तो वेगळाच.

आजचा खरा धोका लेप्टोस्पायरोसिसचा. उंदराच्या लघवीतून हे जंतू ओल्या जमिनीत आणि साचलेल्या पाण्यात उतरतात आणि पायाच्या भेगांतून, जखमांतून आपल्या शरीरात शिरतात. २००५ च्या मुंबईतल्या महापुरानंतर याची मोठी साथ आली होती. जोराचा ताप, पोटऱ्या ठणकणे, डोळे लाल होणे, पुढे कावीळ, लघवी कमी होणे. पहिल्या दोन-तीन दिवसांत उपचार सुरू झाले तर साध्या गोळ्यांनीही रुग्ण बरा होतो; अंगावर काढले तर मूत्रपिंडे जातात.

आणि विष! पिवळ्या फॉस्फरसची ती मलमासारखी ट्यूब भाकरीच्या तुकड्याला लावून माळ्यावर ठेवतात. उंदीर तो तुकडा ओढत नेतो, खाली पाडतो, आणि सकाळी तो रांगत्या मुलाच्या हाती लागतो. या विषावर उतारा नाही. पोटात गेल्यावर एक-दोन दिवस मूल चांगले खेळताना दिसते, आईबाप निर्धास्त होतात, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळे पिवळे होऊन यकृत निकामी होऊ लागते. अशा वेळी दूध-तूप पाजू नका, चरबीने हे विष अधिक शोषले जाते. ओकारी काढत बसू नका. रिकामी ट्यूब बरोबर घेऊन तडक मोठे रुग्णालय गाठा. शेतात वापरतात त्या काळ्या पावडरीलाही उतारा नाही. रक्त पातळ करणाऱ्या वड्यांवर निदान जीवनसत्त्व ‘के’चे इंजेक्शन तरी आहे. माझे स्पष्ट मत आहे, की राहत्या घरात उतारा नसलेले विष असूच नये. रागाच्या एका क्षणी हाताशी आलेल्या अशा ट्यूबने आपल्या गावांत किती तरणीताठी पोरे नेली, हे कुठल्याही सरकारी दवाखान्यातल्या परिचारिकेला विचारा.

मग करायचे काय? संध्याकाळी प्रत्येक भोकात वर्तमानपत्राचा बोळा कोंबा. सकाळी जो बाहेर पडलेला दिसेल ते चालू भोक. घरातले लहान उंदीर पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून सहज शिरतात, म्हणून ‘एवढ्याशा’ फटीला माफी नाही. आत उंदीर असताना सगळी भोके एकदम बुजवू नका, नाहीतर ते आतच मरतील. एक वाट ठेवून बाकीच्या बंद करा आणि त्या वाटेवर पिंजरा लावा. दोन-तीन रात्री पिंजरा न लावता, नुसते खोबरे ठेवून उघडा राहू द्या, कारण उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. नंतर खटका चढवा. (पिंजऱ्यातला उंदीर शेजारच्या गल्लीत सोडून येणाऱ्या भाविकांना एवढेच सांगतो, की तो गणपतीचे वाहन असला तरी रात्री परत तुमच्याच घरी येतो.) जमिनीवर राख पसरून ठेवा, चार दिवस पाऊल उमटले नाही, की शेवटचे भोकही बुजवा. नुसती माती, थर्माकोल किंवा फोम चालणार नाही. तारेची घासणी कोंबून वर काचेचे तुकडे घातलेले सिमेंट भरा. मोरीला आणि झरोक्याला पाव इंची लोखंडी जाळी बसवा, अर्ध्या इंचीतून लहान उंदीर जातात. छपराला टेकलेली फांदी तोडा.

माळा साफ करताना कोरडा झाडू मारू नका. खिडक्या उघडून अर्धा तास थांबा, हातमोजे घाला, तोंडाला फडके बांधा, लेंड्यांवर ब्लीचिंगचे पाणी शिंपडून दहा मिनिटे भिजू द्या, मग पुसून घ्या. आणि हे काम घरातल्या सुनेवर किंवा कामवाल्या बाईवर ढकलू नका. शिडीवर घरच्या कर्त्या पुरुषाने चढावे. भोके कुठे आहेत, हेही त्यालाच दिसेल.