बंदर आले म्हणून उतरलेच पाहिजे का?

परदेशी सहलीला निघालेली मंडळी पूर्वी दवाखान्यात येत ती दोन कामांसाठी. एक, तब्येत ठीक असल्याचा दाखला आणि दुसरे, प्रवासात उलटी होऊ नये म्हणून गोळी. अलीकडे त्यात एका प्रश्नाची भर पडली आहे. युरोपातल्या क्रूझचे, म्हणजे पर्यटन जहाजाचे तिकीट काढलेले असते. कार्यक्रमपत्रिकेत सहा-सात बंदरांची नावे असतात आणि त्यांत बहुधा क्रोएशियातले डुब्रोव्हनिक हे जुने, तटबंदीचे शहर असते. "डॉक्टर, तिथे फार गर्दी असते म्हणतात. आम्ही उतरावे की जहाजावरच थांबावे?"

हा प्रश्न सहल कंपनीच्या माणसाला विचारायचा, डॉक्टरला नव्हे, असे वाचकांना वाटेल. माझे मत उलट आहे. आपल्या भागातून क्रूझला जाणाऱ्यांत साठीच्या पुढची जोडपी बरीच असतात. निवृत्तीनंतरचे पैसे हाती असतात किंवा मुलांनी एकसष्टीची भेट म्हणून तिकीट काढून दिलेले असते. बरोबर रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या असतात, एखाद्याची अँजिओप्लास्टी झालेली असते आणि गुडघे तर बहुतेकांचेच कुरकुरत असतात. अशा माणसाने दुपारच्या उन्हात, हजारोंच्या गर्दीत, दगडी पायऱ्यांच्या शहरात चार तास चालावे की नाही, हा प्रश्न प्रकृतीचाच आहे.

शहर पाहण्यासारखे आहे यात शंका नाही. एड्रियाटिक समुद्राच्या काठी सुमारे १९४० मीटर लांबीच्या तटाने वेढलेले हे गाव. १९७९ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. १९९१-९२ च्या युद्धात वेढा आणि तोफांचा मारा सोसून ते पुन्हा उभे राहिले. आम्हा डॉक्टर मंडळींना तर त्याचे विशेष अगत्य. तेव्हा रगुसा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या शहराने १३७७ मध्ये नियम केला की प्लेगची साथ असलेल्या मुलखातून येणाऱ्यांनी तीस दिवस शहराबाहेर काढावेत आणि मगच आत यावे. पुढे 'क्वारंटाइन' म्हणून जगभर पसरलेल्या पद्धतीची ही अगदी आरंभीची लेखी नोंद. तिथल्या फ्रान्सिस्कन मठात १३१७ मध्ये सुरू झालेले औषधालय आहे आणि तिथे आजही औषधे विकली जातात.

पण शहर चांगले आहे म्हणून तिथला दिवसही चांगला जाईल असे नाही. मोठी जहाजे ग्रूझ नावाच्या बंदराला लागतात. तिथून जुने शहर सुमारे तीन किलोमीटर. न्याहारी उरकून सगळे प्रवासी साधारण एकाच वेळी खाली उतरतात, बसमध्ये बसतात आणि पश्चिमेच्या पिले नावाच्या दरवाजापाशी येऊन थडकतात. जहाजावर दोन-तीन हजार माणसे असतात. बंदरात दोन जहाजे असतील आणि महिना जुलै-ऑगस्टचा असेल, तर दहा ते दोन या वेळात त्या दरवाजात काय होत असेल याची कल्पना करावी. आत मोटारींना बंदी आहे, म्हणजे दमलो म्हणून रिक्षाला हात करू असे तिथे चालत नाही. मुख्य रस्ता सपाट आहे, पण पावलांनी घासून गुळगुळीत झालेल्या दगडांचा. दोन्ही बाजूंच्या गल्ल्यांत मात्र ठिकठिकाणी पायऱ्याच पायऱ्या. तटावरची फेरी एकाच दिशेने करायची असते. तिला दीड-दोन तास सहज लागतात, सावली फारशी नसते आणि मध्येच उतरायच्या वाटा मोजक्या असतात.

यावर आपल्याकडचे ठरलेले उत्तर असे, "डॉक्टर, आम्ही बेचाळीस अंशांत राहणारी माणसे. तिथल्या तीस अंशांचे आम्हाला काय?" हे उत्तर फसवे आहे. बेचाळीस अंशांत आपण राहतो खरे, पण बारा ते चार या वेळात घराबाहेर कोण पडतो? दारे लोटून, पंखा लावून आपण पडून असतो. जे आपण आपल्या गावात करत नाही ते तिथे करतो. भर दुपारी, तापलेल्या फरशीवर, दोन्ही बाजूंनी दगडी भिंती असलेल्या गल्लीत, माणसांच्या दाटीत उभे राहतो. अंगाला वारा लागत नाही, घाम सुकत नाही आणि चक्कर येते.

त्यात आपली, विशेषतः महिलांची, एक जुनी सवय आड येते. बाहेर लघवीची सोय होईल की नाही या धास्तीने सकाळपासून पाणीच प्यायचे नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते, मधुमेहाच्या काही नव्या गोळ्यांनीही वाढते. अशा माणसाने पाणी बंद केले की रक्तदाब खाली येतो आणि उभ्या-उभ्या डोळ्यांपुढे अंधारी येते. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या पुरुषांनी तर बोट लागू नये म्हणून मिळणारी गोळीसुद्धा विचारल्याशिवाय घेऊ नये, त्यांतल्या काही गोळ्यांनी लघवी अडते.

मधुमेह्यांचे वेगळेच. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी सकाळी घेतलेली, न्याहारी घाईत झालेली, रांगेत तास गेला, जेवणाला तीन वाजले. अशा वेळी साखर एकदम उतरते. हातपाय थरथरतात, दरदरून घाम येतो, माणूस असंबद्ध बोलू लागतो आणि बरोबरचे म्हणतात, ऊन लागले. खिशात साखर किंवा ग्लुकोज आणि पिशवीत बिस्किटे हवीतच. ती जहाजावरच्या खोलीत ठेवून उपयोग नाही.

माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त मुख्याध्यापकांची गोष्ट सांगतो. वय अडुसष्ट, तीन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. पत्नीचे दोन्ही गुडघे झिजलेले. जाण्याआधी दोघे माझ्यासमोर बसले होते. मी बाईंना विचारले, "काकू, तटावर चढायचे आहे का?" त्या म्हणाल्या, "ह्यांची इच्छा आहे, मग मला जायलाच हवे." सरांना बाहेर नेऊन विचारले, तर ते म्हणाले, "मला काही विशेष नाही हो, पण मुलाने एवढे पैसे भरलेत आणि हिला एकटीला कसे सोडू?" म्हणजे दोघांनाही चढायचे नव्हते आणि दोघेही एकमेकांसाठी चढणार होते! अशी जोडपी मी पुष्कळ पाहिली आहेत. बायको गुडघा लपवते, नवरा छातीतली कळ लपवतो. डॉक्टर म्हणून मला भीती वाटते ती या लपवाछपवीची. एकाने उतरावे, दुसऱ्याने जहाजावर निवांत चहा घ्यावा, यात संसाराचे काही बिघडत नाही. सर आणि काकू शेवटी सकाळी लवकर उतरले, सपाट रस्त्यावर तासभर हिंडले, कॉफी प्यायले आणि ऊन चढायच्या आत परत आले. तट त्यांनी खालूनच पाहिला.

पैशाचा मुद्दा जवळजवळ सगळेच काढतात. "एवढे लाख मोजले आणि बंदरावर जाऊन उतरलोच नाही, असे लोकांना कसे सांगायचे?" तिकिटाचे पैसे उतरलात तरी गेले आणि न उतरलात तरी गेले. उरला प्रश्न तुमच्या दिवसाचा आणि पुढच्या बंदरांचा. एका दुपारच्या हट्टापायी गुडघा सुजला, की राहिलेले पाच दिवस खोलीत झोपून काढावे लागतात. आणि लोकांचे म्हणाल तर व्हॉट्सॲपवर फोटो पाहून लोक दोन मिनिटांत विसरतात. गुडघा वर्षभर आठवण देतो.

तेव्हा उतरू नका असेच माझे म्हणणे आहे का? नाही. माझे म्हणणे एवढेच की निर्णय जहाजाच्या शिडीवर, बाकीचे निघाले म्हणून घेऊ नये. तो घरी, शांतपणे आणि स्वतःचे शरीर तपासून घ्यावा. मी एक साधी परीक्षा सांगतो. जाण्याच्या महिनाभर आधी, नेहमीच्या बुटांत, न थांबता पाऊण तास चाला. त्याच दिवशी दोन मजले जिने सावकाश चढून उतरा. छाती भरून आली, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली, तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांकडे या. तेव्हा डुब्रोव्हनिकचाच नव्हे तर सगळ्या सहलीचाच फेरविचार करावा लागेल. नुसता गुडघा दुखला तर तट सोडा, सपाट रस्ता पाहा. काहीच झाले नाही आणि सहल मे किंवा सप्टेंबर अखेरीची असेल, तर तटावरही जा, पण सकाळी तट उघडताच.

'पूर्ण पाहायचे नाहीतर अजिबात नाही' हा आपला बाणा इथे सोडायला हवा. पिले दरवाजातून आत शिरताच पंधराव्या शतकातले मोठे गोल कारंजे आहे. त्याचे पाणी पिण्याजोगे आहे, बाटली तिथे भरून घ्यावी. समोरच तो मठ आणि ते औषधालय. तिथून निघणारा मुख्य रस्ता जेमतेम तीनशे मीटरचा. एवढे पाहून परतलेल्या माणसाने शहर पाहिले असेच मी म्हणेन. वरून देखावा हवा असेल तर शहरामागच्या स्रज डोंगरावर तारेवरचा पाळणा जातो. युद्धात मोडलेला हा पाळणा २०१० मध्ये पुन्हा सुरू झाला. टॅक्सीने त्याच्या खालच्या स्थानकापर्यंत जावे आणि वर बसल्या जागेवरून सगळा तट पाहावा. परतीची वेळ मात्र घड्याळात तासभर अलीकडची धरावी. स्वतःच्या स्वतः फिरणाऱ्यांसाठी जहाज थांबत नाही, आणि उशीर झाला म्हणून उन्हात धावत सुटणे हे हृदयरोग्याला सर्वांत घातक.

या प्रश्नाची दुसरीही बाजू आहे. ते शहर म्हणजे देखावा नव्हे, तिथे माणसे राहतात. त्यांच्याही घरी म्हातारे आहेत, त्यांनाही भाजी आणायला त्याच गर्दीतून जावे लागते. जुन्या तटाआतली वस्ती गेल्या काही दशकांत झपाट्याने घटली आहे. म्हणूनच २०१९ च्या सुमारास तिथल्या पालिकेने एका वेळी दोनच मोठी जहाजे आणि सुमारे चार हजारच जहाजप्रवासी अशी मर्यादा घालण्याचे धोरण धरले. साडेसहाशे वर्षांपूर्वी ज्या शहराने साथीसाठी जहाजे थोपवली, त्याला आता गर्दीसाठी थोपवावी लागत आहेत. आपण भर दुपारी न जाता सकाळी गेलो किंवा न उतरता थांबलो, तर त्यात आपले हित आहेच, शिवाय त्या लोकांवरही तेवढेच ओझे कमी.

आता निघण्यापूर्वीच्या चार गोष्टी. क्रोएशिया २०२३ पासून शेंगेन गटात आहे, त्यामुळे व्हिसासाठी किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. त्या अर्जात मधुमेह, रक्तदाब, अँजिओप्लास्टी लपवू नका. हप्ता थोडा वाचतो, पण ऐन वेळी विमा कंपनी हात वर करते. जुन्या आजारासाठी किती रक्कम मिळेल हे वाचूनच सही करा. सगळी औषधे आणि इन्शुलिन हातातल्या पिशवीत ठेवा. औषधांची नावे लिहिलेली चिठ्ठी नवराबायको दोघांच्याही खिशात असू द्या. नवे बूट सहलीसाठी राखून ठेवू नका, महिनाभर आधी वापरून पायाला बसवा. मधुमेह्यांनी रोज रात्री तळपाय पाहावेत. जहाजावर जुलाब-उलट्यांची साथ पटकन पसरते. तिच्या विषाणूवर हाताला चोळायचे निर्जंतुक द्रव फारसे चालत नाही, म्हणून जेवणाआधी साबण आणि वाहते पाणीच वापरा.

आणि शेवटचे काम नवराबायकोने मिळून करायचे. कार्यक्रमपत्रिका समोर घेऊन प्रत्येक बंदरापुढे लिहा: पूर्ण, अर्धे किंवा विश्रांती. लिहिताना एकमेकांना खरे सांगा, कुठे दुखते आणि कशाची भीती वाटते. एखाद्या बंदरापुढे 'विश्रांती' आले तर मुलांना फोनवर तेही सांगून टाका. आईवडील सुखरूप परत यावेत याहून जास्त काही त्या मुलांनी तिकीट काढताना मागितलेले नसते.