अग्रशाळेची किल्ली

आमच्या भागातील एका देवस्थानच्या समितीने काही दिवसांपूर्वी एक पत्र काढले. देवस्थानचे नाव येथे मुद्दाम देत नाही. कारण असे पत्र उद्या कोणत्याही देवस्थानातून निघू शकेल. पत्राचा आशय एवढाच, की दर शनिवारी दुपारी अग्रशाळेच्या एका खोलीत काही मुली व गृहिणी जमून कोरियन प्रेमकथांच्या मालिकांविषयी चर्चा करतात. हा प्रकार स्थानाच्या पावित्र्याला आणि कुलीन घरांतील संस्कारांना बाधक आहे. सबब खोलीची किल्ली यापुढे मिळणार नाही. त्या मंडळीत माझी एक भाची आहे. वकिलाने आपला हितसंबंध आधी उघड करावा, म्हणून हे सांगून टाकतो.

पत्रातील एक गोष्ट प्रथमच ध्यानी घ्यावी. त्या खोलीत पडदा नाही, दूरचित्रवाणी संच नाही. मालिका या स्त्रिया आपापल्या घरी, कामे आटोपल्यावर, बहुधा रात्री पाहतात. अग्रशाळेत त्या जमतात त्या केवळ बोलण्यासाठी. तेव्हा समितीने बंदी घातली आहे ती पाहण्यावर नव्हे, बोलण्यावर. आणि ज्या सभासदांनी या पत्राला अनुमती दिली त्यांपैकी दोघांना मी विचारले असता त्यांनी एकही मालिका पाहिलेली नसल्याचे मोकळेपणाने सांगितले. ऐकीव पुराव्यावर निकाल देण्याची ही रीत कोणत्याही न्यायासनापुढे क्षणभरही टिकणार नाही.

मी स्वतः या मालिका पाहिल्या आहेत. २०२० साली टाळेबंदीने न्यायालये ओस पडली, तेव्हा घरातील मंडळी ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’ पाहत होती. दक्षिण कोरियातील एका धनाढ्य घराण्याची कन्या छत्रीच्या साहाय्याने आकाशात विहरत असता वादळात सापडते, सीमा ओलांडून उत्तर कोरियात पडते, आणि तेथील एक सैन्याधिकारी तिला लपवतो. सोळा भागांची ही कथा मी प्रथम दाराआडून आणि नंतर उघडपणे खुर्ची ओढून पाहिली. तिच्यात अशक्य योगायोग पुष्कळ आहेत. पण सीमेने तोडलेल्या माणसांचे दुःख खरे आहे. बेळगावच्या वाचकांना ते वेगळे सांगायला नको. त्याच वर्षाच्या डिसेंबरात उत्तर कोरियाने कायदा करून दक्षिणेच्या मालिका पाहणाऱ्यांस पंधरा वर्षांपर्यंत सक्तमजुरीची शिक्षा ठरवली. आमच्या समितीची मी त्या राजवटीशी तुलना करीत नाही. समितीच्या हाती फक्त एक किल्ली आहे, याबद्दल देवाचे आभार मानावेत, इतकेच.

आता आरोपाकडे वळू. या मालिका अश्लील आहेत, असे म्हणणाऱ्याने त्या पाहिलेल्या नाहीत. नायकाने नायिकेचा हात धरण्यास जेथे अनेकदा चार-चार, सहा-सहा भाग लागतात, तेथे अश्लीलतेचा शोध घेणे म्हणजे सोवळ्यात वाटाणे मोजण्यासारखे आहे. परंतु या बचावावर मी विसंबणार नाही. तो लंगडा आहे आणि प्रामाणिकही नाही. समितीला खटकते ती अश्लीलता नव्हे. तिला खटकते ते असे, की या कथांतून मुलगी आपला जोडीदार स्वतः निवडते आणि वडीलधारी माणसे पुष्कळदा चुकलेली दाखवली जातात. हा आरोप मात्र खरा आहे. तो मी मान्य करतो, आणि मान्य करूनच प्रतिवाद करतो.

कोरियन कथेतील आई, आजी किंवा होणारी सासू मुलीपुढे पैशांचे पाकीट सरकवून ‘माझ्या मुलाचा नाद सोड’ असे सांगते, तेव्हा आपले प्रेक्षक हसतात. हा प्रसंग आता नेहमीचा झाला आहे. पण त्यामागे एका समाजाचा खरोखरीचा तंटा उभा आहे. कोरियाच्या नागरी संहितेच्या ८०९ व्या कलमाने एकच आडनाव आणि एकच मूळ कुलस्थान असणाऱ्या स्त्रीपुरुषांच्या विवाहास बंदी होती. नाते किती दूरचे, याला मर्यादाच नव्हती. किम्हे या कुलस्थानाचे किम तेथे चाळीस लाखांहून अधिक आहेत. त्यांतील एक तरुण आणि एक तरुणी यांचा समान पूर्वज दीड हजार वर्षांपूर्वीचा मानला जात असला तरी त्यांचा विवाह नोंदला जात नसे. त्यांची मुले कायद्याच्या दृष्टीने औरस ठरत नसत. हजारो जोडपी अशी नोंदणीवाचून संसार करीत होती. १९७८, १९८८ आणि १९९६ साली सरकारने प्रत्येकी एका वर्षापुरती सवलत दिली, तेव्हा त्यांना रांगा लावून आपले संसार विधिवत करून घ्यावे लागले. अखेर जुलै १९९७ मध्ये तेथील संविधान न्यायालयाने हे कलम संविधानाशी विसंगत ठरवले आणि २००५ साली विधिमंडळाने ते बदलले. घराचा प्रमुख पुरुषच असावा आणि स्त्रीची नोंद आधी पित्याच्या, मग पतीच्या, मग पुत्राच्या नावाखाली व्हावी ही ‘होजू’ पद्धतीही २००५ च्या निर्णयाने ढासळली व २००८ च्या आरंभी संपुष्टात आली. कुमारिकेने पित्याच्या, विवाहितेने पतीच्या आणि विधवेने पुत्राच्या अधीन असावे हे वचन आपल्या वाचकांना कोठे तरी वाचल्याचे आठवेल. ते केवळ मनूचे नव्हे, कन्फ्यूशियसच्या अनुयायांचेही आहे.

सगोत्र विवाहाचा प्रश्न येथे कोणाला परका वाटणार? ब्रिटिश हिंदुस्थानात सगोत्र विवाह वैध ठरवणारा कायदा १९४६ साली झाला. म्हणजे या एका बाबतीत आपण कोरियाच्या पन्नास वर्षे पुढे होतो, आणि तरीही आजच्या स्थळांच्या याद्यांत गोत्राचा रकाना पहिल्या ओळीत असतो. व्यभिचाराचा गुन्हा घ्या. त्यांनी तो फेब्रुवारी २०१५ मध्ये रद्द केला, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये. त्याआधी त्यांच्या न्यायालयाने तोच कायदा चार वेळा उचलून धरला होता. त्यातील २००८ चा निर्णय दूरचित्रवाणीवरील एका प्रसिद्ध अभिनेत्रीच्या खटल्यातून आला. ज्या पडद्यावर हे संसार मोडताना दिसत होते, त्याच पडद्यावरील स्त्री न्यायालयात आरोपी म्हणून उभी होती. या मालिका म्हणजे करमणूक खरी. पण ज्या घरात नुकतीच वाटणी झाली आहे तेथील गप्पांसारखी ती करमणूक आहे. प्रत्येक वाक्याखाली जुन्या दाव्याचे कागद आहेत.

स्वयंनिर्णयाची कल्पना परदेशी आहे म्हणणाऱ्यांना मी फार लांब नेणार नाही. त्याच देवस्थानात उपवर मुलींना रुक्मिणी-स्वयंवराची पोथी वाचायला सांगतात. रुक्मिणीने काय केले? थोरल्या भावाने ठरवलेला वर नाकारला, एका ब्राह्मणाच्या हाती गुप्तपणे पत्र पाठवले आणि मला येऊन घेऊन जा असे कळवले. १८८२ साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी रंगभूमीवर आणलेले ‘सौभद्र’ आमच्या जत्रांतून किती वेळा झाले असेल याची गणती नाही. त्यात बलरामदादांचा बेत दुर्योधनाचा, आणि तो हाणून पाडणारा प्रत्यक्ष भगवंत! या नाटकाला पहिल्या रांगेत बसून वन्समोअर देणारे हात तेच आहेत, ज्यांनी त्या पत्रावर सह्या केल्या. सुभद्रा पळाली तर संगीत, आणि सोलची मुलगी पळाली तर संस्कारांचा ऱ्हास, हा भेद कोणत्या धर्मशास्त्रात लिहिला आहे? आणि ज्या गोव्यात विवाहाच्या नोंदणीसाठी वधूला स्वतः नागरी निबंधकासमोर जाऊन सही करावी लागते, तेथे मुलीच्या संमतीची चर्चा अपवित्र कशी?

येथवर वाचून भाची खूश होईल; म्हणून आता तिच्या पक्षाकडे वळतो. पत्र आल्यानंतर या मंडळींनी समितीकडे जो खुलासा पाठवला, तो मला समितीच्या पत्राइतकाच नापसंत आहे. त्यांचे म्हणणे असे की कोरियन संस्कृती आपल्यासारखीच आहे. तेथेही थोरांना वाकून वंदन करतात, पितरांचे श्राद्ध करतात, आईवडिलांचा शब्द मोडत नाहीत. शिवाय तेथील एक राणी अयोध्येची होती. हा खुलासा म्हणजे फिर्यादीला खूश करण्यासाठी दिलेली जबानी. आईबापांचा शब्द मोडला नाही तर या मालिकांचे कथानक पुढे सरकणारच नाही! राणीची गोष्ट तेराव्या शतकातील ‘सामगुक युसा’ या ग्रंथातील आहे. इसवी सन ४८ मध्ये ‘आयुता’ नावाच्या देशाहून राजकन्या आली असे तो ग्रंथ सांगतो. म्हणजे घटनेनंतर सुमारे बाराशे वर्षांनी दिलेली साक्ष. आयुता म्हणजे अयोध्याच, हे कोणी सिद्ध केलेले नाही. अयोध्येत २००१ पासून स्मारक आहे, कोरियातील तिचे वंशज म्हणवणारे तेथे श्रद्धेने येतात, त्या श्रद्धेला माझा नमस्कार. पण माहेरच्या नात्याने मालिका शुद्ध करून घेण्याचा हा खटाटोप कशाला?

खरे साम्य दुसरीकडे आहे, आणि ते दुर्दैवाने आपल्या चाहत्यांच्या हातून निसटते. कारण त्या इंग्रजी तळटिपा वाचून मालिका पाहतात. कोरियन भाषेत आदराची आणि सलगीची क्रियापदे वेगळी आहेत. दोघे प्रथम ‘आपण-तुम्ही’च्या थाटात बोलत असतात, एके दिवशी एकजण विचारतो, आता सलगीने बोलू का? मराठी कानाला या एका प्रश्नात किती लज्जा, किती धाडस आहे हे तत्काळ समजावे. इंग्रजीत दोन्हीकडे एकच सर्वनाम! आमच्या आज्या नवऱ्याला ‘अहो’ म्हणत, त्याचे नाव फक्त उखाण्यात घेत, आणि आजोबा आजीला ‘बाळूची आई’ म्हणत. कोरियन घरांतही बाई अमक्याची आई म्हणूनच हाक ऐकते. मुलगी आपल्या प्रियकराला ‘ओप्पा’ म्हणते, म्हणजे दादा. आपल्याकडे हे ऐकून कोणीही दचकेल, आणि दचकलेच पाहिजे. कारण त्या एका शब्दात जवळीक आणि वडीलकी एकाच वेळी बांधलेली आहे.

२०१८ ची ‘समथिंग इन द रेन’ पाहा. तिचे मूळ कोरियन नाव ‘छान जेवू घालणारी सुंदर नूना’ असे काहीसे आहे. नूना म्हणजे पुरुषाची थोरली बहीण. पस्तिशीतील स्त्री आणि तिच्या मैत्रिणीचा धाकटा भाऊ. त्यांच्या वाटेत नायिकेची आई उभी राहते ती वयामुळे जितकी, त्याहून अधिक मुलाच्या मागे भक्कम घराणे नसल्यामुळे. त्याच मालिकेत नायिका कचेरीतील वरिष्ठांच्या सलगीला वर्षानुवर्षे हसून तोंड देत आली आहे, आणि हे हसणे थांबवण्याची तिला काय किंमत पडते तेही दाखवले आहे. अग्रशाळेत या मालिकेवर दोन शनिवार चर्चा झाली. मी भाचीला विचारले, कशावर बोललात? ती म्हणाली, “मामा, जंग हे-इन छत्री घेऊन उभा राहतो ना, त्यावर.” एवढी सामग्री हाती असता छत्रीवर दोन शनिवार!

आणि एक गोष्ट, जी चाहत्यांच्या चर्चेत क्वचितच येते. २००९ साली ‘बॉइज ओव्हर फ्लॉवर्स’ ही मालिका चालू असतानाच तीत लहान भूमिका करणारी जंग जा-योन ही तरुण अभिनेत्री जीवनाला कंटाळून गेली. मागे ठेवलेल्या कागदांत तिने आपल्याला बड्या लोकांच्या सरबराईस भाग पाडल्याचा आरोप केला होता. ज्या पडद्यावर श्रीमंत मुलगा गरीब मुलीचा उद्धार करतो, त्या पडद्यामागे हे घडले. यावर बोलण्यासाठी अग्रशाळेची खोली मागितली असती, तर मी समितीपुढे विनामूल्य वकीलपत्र घेतले असते.

तरीही छत्रीवर बोलण्याचा त्यांचा अधिकार मी सोडणार नाही. जपानात २००३-०४ मध्ये ‘विंटर सोनाटा’ दाखवली गेली, तेव्हा तिच्या नायकासाठी, बे योंग-जूनसाठी, विमानतळावर हजारोंनी जमलेल्या स्त्रिया बहुतांशी प्रौढ गृहिणी होत्या. त्यांची यथेच्छ थट्टा झाली. परंतु त्याच स्त्रिया पुढे कोरियन भाषा शिकू लागल्या, नामी बेटावर गेल्या. आणि १९१० ते १९४५ पर्यंत आपल्या देशाने ज्यांच्यावर राज्य केले, त्या लोकांशी त्यांच्या भाषेत बोलण्याचा प्रयत्न करू लागल्या. थट्टा करणाऱ्यांपैकी किती जणांनी तेवढे केले? आमच्याकडे पुरुष मध्यरात्रीपर्यंत क्रिकेट पाहतात आणि दुसऱ्या दिवशी देवळाच्या पायरीवर त्याची चिरफाड करतात. त्याने पायरी बाटल्याचे ऐकिवात नाही.

या मंडळींनी शेवटची चर्चा केली ती २०२५ च्या ‘व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरिन्स’ या मालिकेवर. जेजू बेटावरील ए-सून या मुलीची, समुद्रात बुडी मारून शिंपले काढणाऱ्या तिच्या आईची, आणि तिच्या मुलीची ही कथा. सासरी पुरुषांचे ताट एका चौरंगावर, बायकांचे दुसऱ्या, खालच्या बाजूला. एके दिवशी ए-सूनचा नवरा ग्वान-सिक काहीही न बोलता पुरुषांकडे पाठ करून बसतो आणि बायकोच्या चौरंगाकडे तोंड करून जेवू लागतो. सारे घर स्तब्ध होते.

या प्रसंगावर मात्र त्या दिवशी छत्रीची आठवण कोणाला झाली नाही. एका वृद्ध बाईंनी आपल्या सासरच्या पंगतींची हकीकत सांगितली, दुसरीने आपली. बोलता बोलता गोष्ट देवस्थानच्या महाप्रसादाच्या पंगतींवर आली, तेथे स्त्रियांची पंगत शेवटी बसते आणि तोवर भाजी संपलेली असते, यावर आली. खोलीचे दार उघडे होते आणि बाहेर समितीचे एक सभासद पावती पुस्तक घेऊन बसले होते. त्यानंतर चारच दिवसांनी ते पत्र निघाले.